सोन्यांतलीं फुलें



आज मी आपणांशीं बोलणार आहें तें फुलांविषयीं. परंतु हीं फुलें बागेंतलीं नव्हेत. आपल्या आज्या-पणज्यांच्या अंबाड्यांत, कानांत, नाकांत व गळ्यांत सोन्याचीं, मोत्यांचीं व रत्नांचीं जीं फुलें असत, त्यांची हकीकत मला सांगावयाची आहे. मी रत्नपारखी नव्हे, पुराणवस्तूंचा पंडितहि नव्हे. हिंगोली जिल्ह्यांतल्या खेड्यापाड्यांच्या शाळांतून जन्मभर मुलांना इतिहास-गणित शिकविलेला एक मॅट्रिक झालेला मास्तर आहें. दागिन्यांकडे माझें लक्ष वळलें तें एका घरगुती कारणानें. तें कारण शेवटीं सांगेन.

प्रथम नांवांकडे पाहूं. चाफेकळी, बकुळहार, शेवंतीचें फूल, केतक, केवडा, कर्णफूल, कानांतून केसांत जाणारा वेल, नाकांतली फुली. ही सोनाराच्या दुकानांतली यादी आहे असें न सांगतां ती कोणाला वाचून दाखविली, तर आज माळी काय काय घेऊन आला आहे तें आपण ऐकत आहों, असेंच त्याला वाटेल. नाकांत घालावयाच्या एका बारीक दागिन्याला आपल्याकडे लवंग म्हणतात. लवंग हा मसाल्याचा जिन्नस, त्याचा फुलांशीं काय संबंध, असें कोणी विचारील. पण लवंग म्हणजे तरी काय? एका झाडाची न उमललेली, वाळविलेली कळीच ती! तेव्हां तिलाहि या यादींत बसविलें पाहिजे. दागिन्याला फुलाचें नांव देणें ही कोणा कवीची लहर नव्हे. आधीं स्त्रियांनीं खरें फूल अंगावर घातलें आणि मग त्याच जागीं, त्याच आकाराचें, न सुकणारें फूल आलें.

याचा पुरावा शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. लग्नांत वधूवरांच्या कपाळीं मुंडावळ्या बांधतात. त्या एका घरीं फुलांच्या असतात, तर दुसऱ्या घरीं मोत्यांच्या; आणि दोन्हींना शब्द एकच. त्याहून बोलका पुरावा डोहाळजेवणाचा. घरांतली लेक किंवा सून गर्भार असली म्हणजे तिची फुलांची वाडी भरतात. त्या दिवशीं तिच्या अंगावर कंकणें फुलांचीं, बाजूबंद फुलांचे, कमरपट्टा फुलांचा आणि हारहि फुलांचा. पेटींतले सोन्याचे दागिने ठेवून देऊन ज्यांवरून ते घडले त्या मूळच्या दागिन्यांना एका दिवसापुरतें परत बोलवावें, तसा हा प्रकार मला वाटतो.

शब्दांतहि ही साक्ष उरली आहे. संस्कृतांत 'कर्णिका' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक कानांतला अलंकार, दुसरा कमळाच्या मधला बीजकोश. त्याचप्रमाणें कानांतल्या अलंकाराला 'तालपत्र' असेंहि नांव आहे. म्हणजे ताडाचें पान. पानाची गुंडाळी कानाच्या भोकांत घालीत असत, तिचें पुढें सोनें झालें. नुकत्याच टोंचलेल्या कानांत कडुनिंबाची काडी घालण्याची रीत आमच्या खेड्यांतून आम्हीं पाहिलेली आहे. पोरीच्या बापाजवळ पैसा आला तर त्या काडीच्या जागीं बाळी येई, न आला तर काडीच राही.

आतां दगडांतली साक्ष घेऊं. आमच्या जिल्ह्यांत औंढ्याचें नागनाथाचें देऊळ आहे. त्याचा खालचा दगडी भाग यादवकालीन. वरचा विटा-चुन्याचा भाग पुष्कळ मागाहूनचा. मी दर वर्षीं मुलांची सहल तेथें नेत असें. एके वर्षीं एका मुलीनें बाहेरच्या भिंतीवरच्या एका मूर्तीकडे बोट दाखवून विचारलें, "गुरुजी, हिच्या कानांत एवढी थाळी कशाला?" मीं तोंवर त्या मूर्तीचें आयुध पाहिलें होतें, वाहन पाहिलें होतें, पण कान पाहिला नव्हता. कानांतलें तें भूषण वाटोळें, जाड, पुऱ्या उमललेल्या फुलासारखें होतें. त्या दिवसापासून मी देवळांतल्या मूर्तींचे कान, गळे व अंबाडे पाहूं लागलों. आमच्या भागांतल्या हेमाडपंती देवळांत छताच्या मधोमध कमळ कोरलेलें असतें, आणि मूर्तीच्या अंगावरहि फुलांचीं तींच तीं रूपें येतात. दगडाचा कारागीर आणि सोन्याचा कारागीर एकाच बागेंतून फुलें तोडीत होते.

याहूनहि मागें जातां येतें. जालना जिल्ह्यांतलें भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यांतलें तेर या दोन जुन्या गांवीं हस्तिदंताच्या स्त्रीमूर्ती सांपडल्या आहेत. त्यांच्याच जातकुळीची एक मूर्ति १९३८ मध्यें इटलींत पाँपेई येथें राखेखालीं मिळाली. तें नगर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीनें गाडलें गेलें, म्हणजे मूर्ति त्यापूर्वीची हें उघड आहे. या बायांच्या अंगावर वस्त्र नाममात्र. पण दागिने पाहावे तर मनगटापासून वरपर्यंत बांगड्या, पायांत जड वाळे, केसांतहि अलंकार. त्याच शतकांत एका ग्रीक खलाश्यानें लिहिलेल्या प्रवासवृत्तांत पैठणाहून अकीक जातीचा दगड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरास जात असल्याची नोंद आहे. हा दगड आपला. मराठवाड्याच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांतून तो तयार होतो. नांगरटींत गारगोट्यांबरोबर अजूनहि सांपडतो व मुलें त्याच्या गोट्या खेळतात.

परंतु इतर रत्नांची गोष्ट निराळी आहे. माणिक ब्रह्मदेशचें. हिरा कृष्णेच्या खोऱ्यांतला, गोवळकोंड्याच्या बाजारांतून आलेला. मोतीं इराणच्या आखातांतलीं. त्यांना आपण बसऱ्याचीं म्हणतों. पाचूची कथा तर नवलाची आहे. सोळाव्या शतकापासून आपल्याकडे आलेले उत्तम पाचू दक्षिण अमेरिकेंतल्या कोलंबियाच्या खाणींतले. ते समुद्रापलीकडून गोव्याच्या बंदरांत उतरत आणि तेथून दक्षिणेंत पसरत. एवंच खडा परमुलखाचा, पण फूल मात्र आपल्या परसांतलें. एखाद्या देशमुखाच्या सुनेच्या गळ्यांतल्या चाफेकळींत ब्रह्मदेश, अमेरिका व इराण असे तीन मुलूख एकत्र येत, आणि त्या सर्वांना बसावयास जागा मिळे ती चाफ्याच्या कळींत.

बाराव्या शतकांत आमचा हा भाग कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखालीं होता. त्या घराण्यांतला राजा सोमेश्वर, तिसरा, यानें इ. स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. राजानें सुखें कशीं भोगावींत हें त्यांत विस्तारानें सांगितलेलें आहे. फुलांच्या माळांना त्यांत स्वतंत्र प्रकरण आहे आणि रत्नभूषणांनाहि आहे. माळ ही दागिन्याची गरीब बहीण, असें त्या काळीं कोणी मानीत नव्हतें. पुढें यादव आले. त्यांच्या देवगिरीवर १२९६ मध्यें अल्लाउद्दीन चालून आला. त्यानें नेलेल्या खंडणीचा आकडा फिरिश्ता देतो: सहाशें मण सोनें, हजार मण चांदी, सात मण मोतीं आणि दोन मण हिरे-माणकें-पाचू-नीलम. फिरिश्त्यानें हें तीनशें वर्षांनंतर लिहिलें, आणि मणाचें माप मुलखागणिक बदलतें. म्हणून आकड्यावर मी फार भार देत नाहीं. पण त्या ढिगांत किती चाफेकळ्या व किती कर्णफुलें मोडलीं असतील! लुटणारा दागिना म्हणून कांहीं नेत नसतो, तो वजन नेतो. ही गोष्ट लक्षांत ठेवावी. पुढें ती आपल्याच घरांत येणार आहे.

आतां एकेका फुलाकडे वळूं.

बकुळीचें फूल लहान, चांदणीसारखें, आणि त्याच्या मधोमध निसर्गानेंच भोंक ठेवलेलें. पहांटे झाडाखालीं सडा पडतो, तो मुली वेंचतात. सुईहि लागत नाहीं, दोरा सरळ ओंवला जातो. फूल सुकलें तरी वास जात नाहीं, म्हणून बायका बकुळीची वाळली माळ लुगड्यांच्या घड्यांत ठेवीत. सोनारानें हेंच फूल पातळ पत्र्यावर ठशानें उठविलें आणि एकास एक जोडून त्याचा बकुळहार केला. थोड्या सोन्यांत गळा भरतो, म्हणून बेताच्या घरांतहि तो असे.

चाफेकळीचें तसें नव्हे. सोनचाफा कळींत असतांनाच खुडतात. उमलला कीं पाकळ्या गळावयास लागतात. सोनाराची चाफेकळीहि म्हणूनच मिटलेली, लांबट, टोंकाशीं निमुळती. अशा कळ्यांची ओळ गळ्याभोंवतीं बसते, टोंकें बाहेरच्या अंगास. ऐपत असेल तेथें कळीच्या देंठाशीं चुनी म्हणजे बारीक माणिक बसवीत, क्वचित् सबंध कळीच खड्यांची करीत. केतकी-केवड्याचें पान बायका वेणींत घालीत. त्याच जागीं बसणारा सोन्याचा केवडा आला. शेवंती दाट पाकळ्यांची; म्हणून तिचें सोन्याचें फूल थरावर थर देऊन करीत आणि मधें एक लाल खडा देत. तें अंबाड्यांत खोंवावयाचें. बाकीचीं फुलें मी सोडून देतों, पण कुडी सोडतां येत नाहीं.

कुडी हें माझ्या गणिताच्या तासाचें आवडतें उदाहरण होतें. मुलांना मी सात सारखीं नाणीं आणावयास सांगें. एक मध्यें ठेवा आणि बाकीचीं भोंवतीं लावा. सहा बरोबर बसतात. पांच लावलीं तर फट राहते, सातवें लावूं म्हटलें तर जागा नसते. मग सांगें कीं आतां घरीं जाऊन आजीच्या कानांतली मोत्यांची कुडी पाहा: एक मोतीं मध्यें, सहा भोंवतीं. सोनारानें भूमिति वाचलेली नव्हती. सारख्या सात मोत्यांना गुण्यागोविंदानें एकत्र बसवावयाचें तर निसर्ग एकच रचना मान्य करतो, आणि ती रचना फुलाची होते. एक मुलगा दुसऱ्या दिवशीं येऊन म्हणाला, "गुरुजी, आमच्या आजीच्या कुडींत मध्यें लाल खडा आहे, मग उत्तर चुकलें का?" मीं त्याला सांगितलें, उत्तर बरोबर आहे, तुझी आजी जास्त श्रीमंत आहे.

इतकें झाल्यावर एक भेद सांगतों. तो माझा मीच पाहिलेला आहे. जाणत्यांनीं तो तपासून घ्यावा. आपल्या जुन्या दागिन्यांतलें फूल बहुधा खुडलेलें असतें. त्याला देंठ नाहीं, पानें नाहींत. तें वरून पाहिलेलें आहे, किंवा दोऱ्यांत ओंवलेलें आहे. याचें कारण तें बागेंतून न येतां वेणींतून आणि माळेंतून दागिन्यांत आलें. मोगली फूल याहून निराळें. तें झाडावरचें फूल आहे. बाजूनें पाहिलेलें, देंठासकट, पानांसकट, वाऱ्यानें थोडें कललेलेंहि. जहांगीर बादशहा १६२० मध्यें काश्मिरांत गेला, तेव्हां त्याच्या मन्सूर नांवाच्या चित्रकारानें तेथील शंभरांहून अधिक फुलांचीं चित्रें काढलीं, असें बादशहानें आपल्या आत्मवृत्तांत नमूद केलें आहे. पुढें तींच फुलें ताजमहालाच्या संगमरवरांत रत्नांच्या तुकड्यांनीं जडविलीं गेलीं, आणि १६६० च्या सुमारास औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरांत, बिबीच्या मकबऱ्यापर्यंत येऊन पोंचलीं.

त्यामागें मोगलांचा दरबार दक्षिणेंत आला, दरबाराबरोबर जवाहिरे आले, जडिये आले. १७२४ पासून दक्षिण निजामाकडे गेली; १७६३ पर्यंत त्याची राजधानी औरंगाबादच होती, मग ती हैदराबादेस हलली. आमचें हिंगोली हें त्या राज्यांतलें छावणीचें गांव, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही त्याच राज्यांत होतों. म्हणून आमच्याकडच्या जुन्या वाड्यांतल्या पेट्यांत दोन्ही तऱ्हांचीं फुलें एका मखमलीवर नांदतांना दिसत: पुण्याकडची मोत्यांची कुडी आणि हैदराबादी घडणीचें, झुमका लोंबणारें कर्णफूल. सासर पैठणाकडचें व माहेर हैदराबादेकडचें असल्यावर दुसरें काय होणार? मात्र हें जडावाचें वैभव थोड्या वतनदार घरांपुरतें होतें, हेंहि सांगितलें पाहिजे. कुणबिणीच्या कपाळीं एवढें भाग्य नव्हतें. तिचें फूल चांदीचें असे, किंवा लाल काचेचें.

काचेवरून जडावाच्या कामाकडे येतों. कारण त्यांतलें मर्म कळल्याविना पुढची गोष्ट कळावयाची नाहीं. आपण सहज म्हणतों, हिरा कोंदणांत शोभतो. कोंदण म्हणजे काय? दागिन्याच्या पोकळ घरांत आधीं लाख भरीत. तिच्यावर खड्याखालीं चकाकणारा पातळ पत्रा ठेवीत. त्याला डांक म्हणत. त्यावर खडा, आणि खड्याच्या कडेनें अगदीं शुद्ध सोन्याचा पातळ पापुद्रा पोलादी टोंचणीनें दाबून दाबून बसवीत. सोनें पुरतें शुद्ध असेल तर तें आंचेविना, नुसत्या दाबानें सोन्याला धरतें आणि खडा जखडला जातो. यांत सोन्याचा घडणारा निराळा, खडे बसविणारा जडिया निराळा आणि शेवटीं रेशमांत गांठून देणारा पटवेकरी निराळा. डांकेमुळें फिक्या खड्याला रंग चढे, काचेलाहि माणकाचें तेज येई. याच कारणानें जुना जडाव पाण्यांत धुऊं नये; पाणी आंत शिरलें कीं डांक काळवंडते आणि फुलाचा डोळा जातो. नरहरि सोनाराच्या एका अभंगांत बागेसरी, मूस, हातोडा, ताजवा हीं सोनाराचीं साधनें देह, गुण, विवेक, ज्ञान यांचीं रूपकें होऊन आलीं आहेत. आमच्या नरसीचे नामदेव त्यांचे समकालीन. त्या अभंगांतलीं हत्यारें विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आमच्या गांवच्या सोनाराच्या पेटींत जशींच्या तशीं होतीं.

मग हें सर्व गेलें कोठें?

मोत्यांची गोष्ट थोडक्यांत आटोपते. जपान्यांनीं शिंपल्यांत मोतीं पिकविण्याची विद्या साधली, आणि १९२० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत आखातांतल्या खऱ्या मोत्यांचा बाजार बसला. कुडी स्वस्त झाली, घरोघर गेली. त्यांत मला वाईट वाटण्यासारखें कांहीं दिसत नाहीं.

जडावाची गोष्ट मात्र दुःखाची आहे. चीनशीं युद्ध झाल्यावर जानेवारी १९६३ मध्यें सरकारनें सुवर्णनियंत्रणाचे नियम आणले. चौदा कॅरटपेक्षां अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. परदेशांतून चोरून येणारें सोनें थांबावें हा हेतु होता, आणि तो वाईट होता असें मी म्हणणार नाहीं. पण आतांच सांगितलें कीं कोंदणाला शुद्ध सोनें लागतें. चौदा कॅरटचें सोनें ताठर. तें दाबानें धरत नाहीं, पापुद्रा होत नाहीं. ज्याच्या बोटांत पिढ्यांचा हात होता त्या जडियाला एका रात्रींत काम उरलें नाहीं. असंख्य सोनार देशोधडीस लागले. कोणी शेतमजुरी धरली, कोणी घड्याळें दुरुस्त करूं लागला. चौदा कॅरटची अट १९६६ मध्यें उठली. १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा मात्र १९९० पर्यंत राहिला. पण मधल्या वर्षांत मुलगा बापाच्या शेजारीं बसला नाहीं, तर हात त्याच्याकडे जात नाहीं. शिक्षक म्हणून मला हें चांगलें ठाऊक आहे.

दुसरें कारण आपण स्वतः. सोनाराकडे जुना दागिना मोडीस घातला कीं त्याचा हिशेब असा होतो: लाख वजा, खडे वजा, डांक वजा, टांक्याची तूट वजा, राहिलें त्या सोन्याचे पैसे. घडणावळीचा एक पैसाहि मिळत नाहीं. साध्या गोठ-पाटल्यांत यानें फारसें बिघडत नाहीं. फुलाचें मात्र सर्वस्व घडणीत. तेंच ताजव्यांत शून्य ठरतें. निजामाच्या जवाहिरांतले १७३ नग भारत सरकारनें १९९५ मध्यें २१८ कोटी रुपये देऊन राष्ट्रासाठीं राखले, तें योग्यच झालें. पण गांवोगांवच्या चाफेकळ्यांना कोणी गिऱ्हाईक नव्हतें. आतां शहरांतल्या पेढ्यांत 'अँटिक' या नांवानें काळसर झांक दिलेले दागिने मिळतात. ते बहुधा गेल्या महिन्यांत यंत्रावर घडलेले असतात. ते घालूं नयेत असें नाहीं. आजीचा म्हणून दाखवूं नयेत एवढेंच.

आतां तें घरगुती कारण.

आमच्या घरीं पणजीच्या वेळची एक चाफेकळी होती. एकवीस कळ्यांची, प्रत्येक कळीच्या देंठाशीं एक चुनी, आणि मागें लाल रेशमी गोंडा. ती वर्षांतून एकदांच पेटींतून निघे. भाद्रपदांत महालक्ष्म्या बसल्या म्हणजे थोरलीच्या गळ्यांत ती घालीत, आणि विसर्जनाच्या दिवशीं पुन्हां पेटींत. आईच्या गळ्यांत ती मीं कधींच पाहिली नाहीं.

१९७२ चें वर्ष मराठवाड्यांतल्या माझ्या वयाच्या माणसांना सांगावयास नको. मी दहा वर्षांचा होतों. पाऊस गेला, विहीर आटली, बैल विकले. आई दुष्काळी कामावर खडी फोडावयास जाऊं लागली. आम्हां मुलांना सुकडी मिळे, आणि घरांत परदेशची तांबडी मिलो ज्वारी शिजे. मार्गशीर्षांत एके दिवशीं वडिलांनीं चाफेकळी उपरण्यांत बांधली आणि मला बरोबर घेऊन ते बाजाराच्या गांवीं गेले. दुकानाचें नांव सांगण्यांत अर्थ नाहीं. त्या वर्षीं सर्व दुकानांत हेंच चालले होतें. दुकानदारानें आधीं गोंडा कापून बाजूला ठेवला. मग एकेक कळी चिमट्यांत धरून आंचेवर नेली. लाख वितळून खालीं टिपकली, चुनी उडून ताटलींत पडली. एकवीस वेळां तो आवाज झाला. दहा ग्रॅम सोन्याचा भाव तेव्हां दोनशें रुपयांच्या आसपास होता. वडिलांनीं पैसे मोजून घेतले. दुकानदारानें चुन्या एका कागदांत बांधून गोंड्यासकट माझ्या हातांत दिल्या व म्हणाला, "ह्या घेऊन जा बाळ, ह्यांचें मला काम नाहीं."

त्या पैशांत आम्ही पुढच्या पावसापर्यंत तगलों. वडिलांनीं केलें त्यांत चूक नव्हती. त्यांच्या जागीं मी असतों तर तेंच केलें असतें. पुष्कळ वर्षांनीं मीं ती पुडी एका जाणत्याला दाखविली. एकवीसांतले चार खडे माणिक निघाले, बाकी काच. इतकीं वर्षें महालक्ष्मीच्या गळ्यांत त्या जडियाची डांकच चमकत होती!

पुढच्या वर्षीं, १९७३ च्या भाद्रपदांत, पाऊस चांगला झाला होता. महालक्ष्म्या बसल्या. आजी ओसरीवरून म्हणाली, "थोरलीचा गळा मोकळा ठेवूं नको गं." आईनें मला वाड्यांतल्या सोनचाफ्याच्या झाडावर चढविलें आणि कळ्याच तेवढ्या आण, उमललेलें फूल नको, असें बजावलें. तिनें मोजून एकवीस कळ्या दोऱ्यांत ओंवल्या, टोंकें बाहेरच्या अंगास ठेवून. आणि दोऱ्याच्या दोन्ही टोंकांना तो जुना लाल गोंडा बांधला. सायंकाळच्या आरतीपर्यंत समयांच्या उबेनें त्यांतल्या निम्म्या कळ्या उमलल्या होत्या. विसर्जनानंतर आईनें माळ निर्माल्यांत टाकली, गोंडा मात्र सोडून घेतला, धुतला, वाळविला व पेटींत ठेवून दिला. दर वर्षीं ती असेंच करी. आतां माझी सून करते.